लोकल मिररवरून अपडेट होतं, पण पॅकेज उतरवताना ४०४ (फाइल सापडत नाही). काय चुकतंय?

लॅब_लालबाग:
नमस्कार मंडळी. लालबागला रात्रशाळेची कॉम्प्युटर लॅब मी बघते. २२ मशीन, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स). ब्रॉडबँड संध्याकाळी अगदी मरगळतं, म्हणून जुन्या पीसीत २ टीबीची डिस्क टाकून मिरर केला, म्हणजे डेबियनच्या सर्व्हरवरच्या पॅकेजेसची लॅबमधली प्रत. रात्री २ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारं टूल) आरसिंक (सर्व्हरवरून फाइली आणून प्रत ताजी ठेवणारं टूल) चालतं, सगळं एकाच कमांडमध्ये.

सोमवारी रात्री पावसात लाईट गेली. मंगळवारी ७च्या वर्गात अपडेट (पॅकेजेसची नवी यादी आणणं) बिनबोभाट झालं, पण लिब्रऑफिस टाकताना ४०४. 'पूल'मध्ये (पॅकेजेसचं फोल्डर) बघितलं तर डेब फाइल (पॅकेजची फाइल) जुन्याच व्हर्जन नंबरची, यादीत मात्र नवा नंबर! माझी मुलं दिवसभर कुरिअर नाहीतर कँटीनचं काम करून येतात. दोन तासांतला सव्वा तास असा गेला की जीव तुटतो.

सिसॅडमिन_मुलुंड:
ताई, लाईट फक्त निमित्त. आरसिंक फोल्डर अक्षरक्रमाने घेतं. 'डिस्ट्स' आधी, 'पूल' नंतर. याद्या 'डिस्ट्स'मध्ये असतात, त्या नव्या आल्या आणि माल वाटेतच राहिला.

काम दोन फेऱ्यांत करा. पहिलीत पॅकेजेस, सोर्सेस, रिलीज, इनरिलीज या याद्यांच्या फाइली वगळा आणि डिलीट (जुन्या फाइली काढणं) अजिबात लावू नका. दुसरीत सगळं घ्या, सोबत 'डिलीट-आफ्टर' (जुन्या फाइली शेवटी काढणं). पहिली फेरी बिनचूक संपली तरच दुसरी सुरू व्हायला हवी, स्क्रिप्टमध्ये तसं बांधून टाका. आजच्यापुरतं आरसिंक पुन्हा पूर्ण चालवलंत की ४०४ जाईल.

जुना_डेबियनवाला:
२२ मशीनला अख्खा मिरर कशाला? ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा, पोर्ट ३१४२. एका मशीनने मागितलेलं पॅकेज बाकीच्यांना लॅबमधूनच मिळतं.

लॅब_लालबाग:
दादा, ते वापरून पाहिलंय. पण पहिल्या मशीनला तरी नेट लागतंच ना, आणि आमचं नेट नेमकं वर्गाच्या वेळी जातं. मला माल आधीच घरात हवा.

सिसॅडमिन_मुलुंड:
मग डेबमिरर बघा. फक्त बुकवर्म (डेबियन १२चं नाव) आणि एएमडी६४ (६४-बिट पीसी) सांगितलं की तेवढंच आणतं, आणि नव्या याद्या पॅकेजेस उतरल्यावरच जागेवर ठेवतं. डिस्कही कमी लागेल. एक कळकळीची विनंती: एरर आली म्हणून सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल) 'ट्रस्टेड=येस' कधीच लिहू नका. डेबियनच्या डिजिटल सहीची तपासणी गेली की मिररवर कोणी काय ठेवलंय ते मशीनला कळणारच नाही. सिक्युरिटीचा मिरर फार दिवस शिळा राहिला तर ॲप्ट (मशीनवर पॅकेज टाकणारं टूल) रिलीज फाइल मुदत संपली म्हणून नाकारतं. तेव्हाही तपासणी बंद न करता मिरर ताजा करा.

लॅब_लालबाग:
काल दोन फेऱ्यांची स्क्रिप्ट लावली. मुद्दाम पहिल्या फेरीच्या मध्यात पीसीचा प्लग काढला आणि पुन्हा चालू करून एका मशीनवर लिब्रऑफिस टाकलं. जुनं का होईना, पण पूर्ण बसलं, ४०४ नाही. मनापासून आभार. डेबमिरर गणपतीच्या सुट्टीत करीन, तेव्हा लॅब रिकामी असते.