उसाच्या फडात रानमांजराची पिल्लं सापडली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. काल दुपारी आमच्या फडात तोड चालू असताना पाचटाखाली रानमांजराची दोन पिल्लं मिळाली. डोळे नुकतेच उघडलेत, निळसर आहेत. एक ठणठणीत आहे. दुसऱ्याच्या मागच्या पायाला कोयता लागलाय. जखम बोटाच्या पेराएवढी, रक्त थांबलंय, पण पाय टेकत नाही. उचललं की इवलंसं तोंड उघडून फिस्स करतं, जीव तुटतो हो बघून.

मुकादमाला विनवून तेवढ्या चार सऱ्या उभ्या ठेवल्यात. धडधाकट पिल्लू संध्याकाळी बुट्टीत पाचट घालून त्याच जागी ठेवलं आणि आम्ही सगळे लांब गेलो. पहाटे पाहिलं तर तिथंच. ऊसतोडीच्या टोळीचा मुक्काम जवळच आहे, रात्रभर माणसांची जाग होती; त्यानंच आई बिचकली असेल का? आणखी किती रात्री वाट बघावी?

१९२६ या हेल्पलाइन नंबरवर वनखात्याला कळवलंय, माणसं दुपारी येणार आहेत. घरी पाळायचा विचार अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हाच आहे. गाईचं दूध पाजलेलं नाही, त्यानं हगवण लागते एवढं माहीत आहे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलीय.

जखमी पिल्लाला तोवर काय द्यावं? बेळगावात जंगली जनावरांवर उपचार करणारे डॉक्टर कुणाच्या ओळखीचे आहेत का? पाय बरा झाल्यावर त्याला परत आईजवळ सोडता येतं का? कुणी हे केलं असेल तर कृपया लगेच लिहा.