मोबाईलवरनं आवाज उठवलायसा? मग पुढं काय झालं ते सांगा

कोल्हापुरातल्या टोल आंदोलनाच्या वेळी आमचे पप्पा शिवाजी पेठेत पत्रकं वाटायचे, तालमीच्या फळ्यावर खडूनं निरोप लिहायचे. आमचा फळा म्हणजे स्टेटस. पण त्यावर लिहून काही हलतं का? तिशीच्या आतल्यांनी अनुभव टाका. फसलेले असतील तर आधी टाका. नेत्यांच्या रील नकोत, त्या न मागता दिसतातच.

शिरोळ तालुक्यातला:
माझा अनुभव नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचा. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरला, रिलायन्सवाल्यांच्या ‘वनतारा’ प्राणी केंद्रात नेलं. निरोपाचे व्हिडिओ बघून अख्खं गाव रडलं. जिओ त्यांचंच, म्हणून मी जिओचं सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं, स्क्रीनशॉट टाकला, बघता बघता कॉलेजच्या निम्म्या पोरांनी तेच केलं. सह्यांचे फॉर्म मात्र कागदावरचे, दारोदार फिरून भरून घेतले. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरला मूक पदयात्रा निघाली. वेळ, वाट, पाण्याची सोय सगळं ग्रुपवर ठरलं. पायाला फोड मात्र खरे आले. दोन दिवसांत मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली. एक गोष्ट नंतर टोचली. तिच्या पायांचं दुखणं कोर्टाच्या कागदांत होतं, माझ्या एकाही रीलमध्ये नव्हतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. रील पडली असती म्हणून गाळलं.

राजारामपुरीतली:
मी मुलगीच आहे, ‘आलो-गेलो’ वाचून गोंधळू नका, कोल्हापुरी सवय. ७ जून २०२३. आक्षेपार्ह स्टेटसवरनं शहर पेटलं, दगडफेक झाली, नेट बंद. आईच्या मेसच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, तेवढ्या बुडाल्या, ते सोडा. आदल्या रात्री माझ्या भावानं ‘उद्या जमा’ मेसेज पाच ग्रुपवर ढकललेला. का जमायचं, विचारलं तर म्हणाला, “सगळे टाकत होते.” मी त्याच्यावर ओरडलो खरं, पण सहाव्या ग्रुपवर मीच टाकलेला.

कसबा बावड्यातला:
मी २०२१ मध्ये अठराचा झालो. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपलेली, तिथनं पुढं प्रशासक. गटारीचा फोटो टॅग करायचा तरी कुणाला? नगरसेवकच नाही! शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान लागलं. बहुतेक प्रभागांत एका मतदारानं चार मतं द्यायची, हे घरात कुणालाच नीट कळेना, म्हणून मी आजीला समोर बसवून व्हिडिओ केला. “चारही एकालाच दिली तर?” हा तिचा प्रश्न लई चालला. (नाही चालत आजी, चार जागा वेगवेगळ्या.) तो बघून मामेभावानं उत्साहात मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरला; पण या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरलेली. गडी केंद्राबाहेर बसून राहिला. वर्षाला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा असतात, अठरा भरली की लगेच नाव घाला. मतदानाच्या तोंडावर काही होत नाही.

करवीर तालुका, गाव नको:
ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर विचारलं, ग्रामसभेची नोटीस आदल्या रात्री का? सरपंचांचा अंगठा आला. पाण्याच्या टाकीचा खर्च विचारला, तर मला ग्रुपमधनंच काढलं. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतंय. एकोणतिसाव्या दिवशी आलं, चार पानं. त्यांचे फोटो बहिणीनं ग्रुपवर टाकले. तिला काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या ग्रामसभेला बायका आल्या, त्यांनी जे विचारलं ते मला जमलं नसतं.

शिरोळ तालुक्यातला:
नाद खुळा! गावाचं नाव सांग की भावा.

करवीर तालुका, गाव नको:
सांगतो, पण बहीण अजून ग्रुपात आहे.