रिमला रंग धरत नाहीये, लवकर सांगा

झटपट्या
सायकलच्या रिम घरीच रंगवतोय. काळ्या ग्लॉसी स्प्रेचा डबा आणला, दोन हात मारले. दिसायला झकास, पण दुसऱ्या दिवशी नख लावलं तरी पोपडे निघतायत. टायर चढवताना तर कडेचा रंग सरळ सोलून आला. रविवारी सायकल भाच्याला द्यायची आहे. चांगल्या स्प्रेचा ब्रँड सांगा. पाल्हाळ नको.

निमूट
रिम स्टीलची की अलॉयची? घासली होती का? प्रायमर कुठला मारला?

झटपट्या
रिम म्हणजे रिम, चकचकीत आहे. आधीच गुळगुळीत होती, घासायची काय गरज? प्रायमर नाही. ब्रँड??

निमूट
गुळगुळीत होती म्हणूनच निघतोय. चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील आणि वर क्रोम. नाही चिकटला तर बहुतेक ॲल्युमिनियम. दोन्हींचं प्रायमर वेगळं.

कोथरूडी काका
स्प्रेचा नाद सोडा. पावडर कोटिंग करून घ्या. भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात, वर्षानुवर्षं हलत नाही. आमच्या बाल्कनीचं ग्रिल तसंच केलंय.

निमूट
काका, ग्रिलला तारा नसतात. कोटिंगसाठी चाक अख्खं उकलायचं, परत विणायचं, मग आऊट काढायचा, म्हणजे चाकाचा वाकडेपणा तारा ताणून घालवायचा. आणि धागा "घरी रंगवतोय" असा आहे.

कोथरूडी काका
आऊट काढणारे पेठेत अजून आहेत. शोधायची तयारी हवी.

घाटवाट
अहो, ब्रेक कुठले ते कोणी विचारणार आहे का? डिस्क असतील तर रिम हवी तशी रंगवा. रिमला रबर लागत असेल तर रबर घासतं ती पट्टी कोरी ठेवा. रंगावर ब्रेक नीट लागत नाही, ओल्यात तर नाहीच. शिवाय खरवडलेला रंग रबरात बसतो तो वेगळाच.

झटपट्या
रॉडचे ब्रेक. आजोबांची २८ ची सायकल आहे. चुंबक चिकटला. आता तरी ब्रँड सांगा.

घाटवाट
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राव! रॉडच्या ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला लागतच नाही. रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या दोन्हीकडे खालून वर येऊन टेकतं. त्या दोन पट्ट्यांना मास्किंग टेप लावा. तिथे स्प्रे उडाला असेल तर आधी तो काढा. भाचा उतारावर चालवणार असेल तर हे रंगापेक्षा महत्त्वाचं.

जुना खिळा
२८ ची, म्हणजे मागे ४० तारा, पुढे ३२! त्या क्रोमवर काळा रंग?? गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. आरशासारखी होते. कुठली आहे, ॲटलस का?

झटपट्या
गंज कसा काढायचा हे विचारलेलं नाही. हो, ॲटलस.

जुना खिळा
२०२० मध्ये साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनालाच. आता अशी सायकल होणे नाही. रंगवू नका हो.

पाणचक्की
आम्ही नेदरलँड्समध्ये मुद्दाम गंजकी सायकल ठेवतो. चकाचक केली की चोरीला जाते.

निमूट
धागा चालला हेगला.

डेंटिंगवाली
आमचं गाड्यांच्या पेंटिंगचं गॅरेज आहे म्हणून लिहिते. ब्रँडने काही होणार नाही. मारलेला रंग थिनरच्या फडक्याने पूर्ण उतरवा. गॅलरीत बसून, हातमोजे घालून, टायर-ट्यूब काढून. मग २२० च्या वॉटर पेपरने क्रोमची चमक मरेपर्यंत घासा. तारांच्या निपलभोवती (तार रिमला जिथे बसते ती घुंडी) पेपर पोचत नाही आणि पोपडे तिथूनच सुरू होतात. तिथे पेपराची पट्टी कापून, बुटाला पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी मागेपुढे ओढा. नंतर एच (etch, धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारं) किंवा इपॉक्सी प्रायमर. त्यावर चालेल असाच टॉपकोट घ्या, नाहीतर खालचा थर सुरकुततो. पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. दमट हवेत मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते.

कोथरूडी काका
रेड ऑक्साइड का नाही? निम्म्या पैशात होतं. आम्ही गेटला तेच मारतो.

डेंटिंगवाली
गेट उघड्या लोखंडाचं असतं, काका. हे क्रोम आहे, त्यावर रेड ऑक्साइड धरत नाही. आणि कोणी हार्डनरवाला टू-के रंग सुचवण्याआधीच सांगते, तो साध्या मास्कवर घरात मारायचा नाही. फुफ्फुसाला वाईट असतो.

झटपट्या
एवढं सगळं रविवारपर्यंत होईल का?

डेंटिंगवाली
मारून होईल, पण मुरणार नाही. हाताला सुकलेला लागला तरी कडक व्हायला आठवडा धरा. त्याआधी टायर चढवलात तर कड पुन्हा सोलणार.

जुना खिळा
मग थिनरने पुसा आणि क्रोमचीच द्या. मी मघापासून काय सांगतोय!

झटपट्या
भाच्याला काळ्याच हव्यात. बरं, सायकल उशिरा देतो. मॅट घेऊ की ग्लॉसी?

सुतळी
माझ्या स्कूटरच्या अलॉयला हेच प्रायमर चालेल का?

निमूट
नवीन धागा काढा. आणि ब्रेक कुठले ते आधी लिहा.