मदत हवी आहे: स्टेल्व्हिओ घाट कोणत्या बाजूने चढावा?

नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इटलीतील स्टेल्व्हिओ घाट रोड सायकलने चढण्याचा विचार आहे. कोणत्या बाजूने चढावे आणि त्यानुसार मुक्काम कुठे करावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रातो गावाकडून सुमारे 24 किलोमीटरची, 48 वळणांची आणि पायथ्यापासून 1,800 मीटरहून अधिक उंची चढायला लावणारी चढण आहे, तर दुसऱ्या बाजूच्या बोर्मिओ गावाकडील चढण थोडी कमी असली तरी वाटेत बोगदे लागतात. प्रातोहून 2,757 मीटरवरील माथा गाठून, उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमधील सांता मारियाला उतरायचे आणि दरीतून परत यायचे, असा फेरा मला अधिक पटतो. बोर्मिओला राहिल्यास मात्र गाविया घाटही जवळ पडतो, आणि तो मोह सुटत नाही.

माझ्या सायकलला पुढे 50-34 आणि मागे 11-28 दातांची चक्रे आहेत. सिंहगडाच्या चढावर ती पुरतात, परंतु दोन हजार मीटरच्या वर, विरळ हवेत, तासन्‌तास चढताना मागे 32 किंवा 34 दातांचे, चढाला हलके पडणारे मोठे चक्र बसवणे आवश्यक ठरेल का? शिवाय रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर घासून थांबवणारे ब्रेक) असल्याने लांब उतारावर रिम तापण्याची धास्ती वाटते. ज्यांनी अशा ब्रेकवर हा उतार केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सविस्तर लिहावा.