कुसुमावती देशपांडे : पत्रांनी समीक्षक खाल्ली का?

वाचनखूण_अकोला :
परवा आमच्या वाचनालयात दोन पुस्तकं शेजारीशेजारी दिसली. 'कुसुमानिल', म्हणजे पत्रांचं पुस्तक : पाठीला चिकटपट्टी, कोपरे हाताळून मऊ पडलेले. आणि 'पासंग', समीक्षेचं : मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकूण चार शिक्के, शेवटचा २००९चा. कुसुमावती देशपांड्यांचं आपण काय करून ठेवलंय ते तिथेच कळलं. बाईंनी नागपुरात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा हिशेब दोन भागांत मांडला, १९६१ला ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपद भूषवलं, तेही पहिली स्त्री म्हणून. आणि लोकांच्या लक्षात काय, तर कवी अनिलांशी झालेला लग्नाआधीचा पत्रव्यवहार! तोही छापून आला १९७२ला, त्या जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. माझं म्हणणं एवढंच, की पत्रांनी समीक्षक खाल्ली.

तिरकस :
असहमत. एक पुस्तक लोक आवडीनं वाचतात यात त्या पुस्तकाचा काय गुन्हा? शंभर वर्षांपूर्वीची, ऐन तारुण्यातली पत्रं आजही वाचवतात, हे लेखिका म्हणून कमी आहे का? 'मराठी कादंबरी' आज उघडतं कोण, तर प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षावाले. अभ्यासाचं पुस्तक जुनं होतंच. शिवाय स्पष्टच सांगतो, बाईंची समीक्षा मला सौम्य वाटते. त्याच सुमारास कवी-समीक्षक मर्ढेकर सौंदर्यशास्त्राची घडी विस्कटून नवी घालत होते. बाई मात्र कुणाचं मन न दुखवता, जपून जपून.

वाचनखूण_अकोला :
सौम्य? अहो, 'पासंग' म्हणजे काय ते तरी आठवा. तराजूची पारडी समान नसली की हलक्या बाजूला बारीकसं वजन बांधतात, तो पासंग. आमचे आजोबा किराणा दुकानात सुतळीनं खड्याचा तुकडा बांधायचे. आधी काटा सरळ, मग माल. समीक्षेच्या पुस्तकाला हे नाव देणारी बाई जपून लिहीत नव्हती, नीट तोलत होती. आरडाओरडा केला तरच समीक्षा होते का?

तिरकस :
पासंगानं काटा सरळ होतो हो, भाव कळत नाही. तो दुकानदारानंच सांगायचा असतो.

जुनी_पाटी :
तुम्ही दोघंही कथा विसरलात. त्यांचा कथासंग्रह 'दीपकळी' १९३४चा. तेव्हा ना. सी. फडक्यांच्या कथातंत्राचा दबदबा होता : चटकदार सुरुवात, मग गुंतागुंत, शेवटी कलाटणी. बाईंच्या कितीतरी कथांत कथानक असं जवळजवळ नसतंच. एखादं माणूस दिसतं, त्याच्याबद्दल काहीतरी हलतं, आणि कथा थांबते. कथानकापेक्षा मनाच्या हालचालींवर भर देणाऱ्या नवकथेचा बोलबाला व्हायला अजून दहा वर्षं होती. कथा कशी असावी यावर भांडत बसण्यापेक्षा तशी लिहून दाखवली, ही माझ्या मते त्यांची सगळ्यात तिखट समीक्षा. आधी त्यांचा 'मोळी' हा कथासंग्रह वाचा आणि मग कादंबरीवरचं वाचा. दुसऱ्याच्या लिखाणात त्या काय शोधत होत्या ते आपोआप उलगडतं. समीक्षक आणि लेखिका असे दोन कप्पे आपणच पाडलेत.

चष्मिष :
अध्यक्षपदाचं एवढं कौतुक कशाला? अनिल १९५८ला मालवणला अध्यक्ष, तीन वर्षांनी बायको. घरातल्या घरात.

जुनी_पाटी :
हे खटकलं. १८७८ला पहिलं संमेलन भरलं. बाईमाणूस त्या खुर्चीवर बसायला ८३ वर्षं लागली, आणि आता तीही नवऱ्याच्या वशिल्यानं? पुढची स्त्री अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, १९७५, कऱ्हाड. मधल्या चौदा वर्षांत लिहित्या बायकांना अध्यक्ष झालेले नवरे मिळाले नाहीत, असंच ना? ग्वाल्हेरचं संमेलन झालं त्याच वर्षी, नोव्हेंबरात, त्या गेल्या. साहित्य अकादमीनं काढलेल्या मराठी साहित्याच्या इंग्रजी इतिहासावर १९८८ला त्यांचं आणि मं. वि. राजाध्यक्षांचं नाव एकत्र छापलेलं आहे. जाऊन २७ वर्षं झालेल्या बाईला तिथे कुणाचा वशिला लागला?

चष्मिष :
बरं, वशिल्याचं मागे घेतो. बाकी 'पासंग' मी वाचलेलं नाही, हे कबूल.

तिरकस :
अवांतर : शेवटचा शिक्का २००९चा म्हणता, पण त्यानंतर वाचनालयात बारकोड लागला असेल तर? शिक्के थांबले म्हणजे वाचन थांबलं असं कुठाय?

वाचनखूण_अकोला :
मुद्दा बरोबर आहे. आत्ताच फोन करून विचारलं. बारकोड २०१५ला लागला. म्हणजे मधली सहा वर्षं तरी कुणी नेलेलं नाही. त्यानंतरचं काउंटरवरच्या ताई उद्या कॉम्प्युटरवर बघून सांगणार आहेत.