अनुभव धागा: समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नाची तयारी

धाकट्या बहिणीचं लग्न समुद्रकिनाऱ्यावर करायचं ठरलंय. देखणं हवं, पण भपका नको, एवढंच तिचं म्हणणं. फोटो पुष्कळ बघून झाले. आता ज्यांनी असं लग्न पार पाडलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. वेळ, कपडे, सजावट, परवानग्या, काहीही चालेल, पण सविस्तर लिहा.

*

पुतणीच्या लग्नाचं नियोजन माझ्याकडे होतं. आम्ही आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, मगच तारीख धरली. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे जागा बघायला गेलात तेव्हा संध्याकाळी छान रुंद वाळू दिसली, तरी आठवड्याने त्याच वेळी तिथे पाणी असू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. चांदणं हवं म्हणून पौर्णिमा धरणार असाल तर मांडव बराच वर घ्या. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, शिंपल्यांच्या चुऱ्याची एक वेडीवाकडी रेघ दिसते ना, ती भरतीची खूण. आम्ही मुद्दाम उधाणाच्या दिवसांत जाऊन ती रेघ पाहिली आणि तिच्या बऱ्याच वर खुंट्या ठोकून जागा आखली. साध्या खुंट्या मांडवाला मात्र पुरत नाहीत, कोरड्या वाळूत त्या धरत नाहीत. प्रत्येक खांबाला वाळूची भरलेली पोती बांधायला लावा.

*

मी लग्नाचे कपडे शिवते, म्हणून वाऱ्याबद्दल. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि वारा पाण्याकडून येतो, दुपारी त्याला चांगलाच जोर असतो. ऊन उतरलं की तो पडत जातो. विधी दुपारी असेल तर नुसतं शिफॉन सतत तोंडावर येतं. मी घेराच्या आतल्या दुमडीत बारीक वजनं शिवते, आणि ट्रायलच्या वेळी टेबलफॅन पूर्ण वेगात समोर लावून वधूला चालायला सांगते. काय सावरावं लागतंय ते तिथेच कळतं. टाचेच्या चपला नकोतच, कोरड्या वाळूत रुततात. सपाट किंवा अनवाणी. पाहुण्यांनाही निमंत्रणातच कळवा, वयस्कर मंडळी दुवा देतील. त्यांच्यासाठी खुर्च्यांपर्यंत लाकडी फळ्यांची वाट केलीत तर फारच उत्तम, सजावटीतली फुलं कमी झाली तरी चालतील.

*

आवाजाचं कुणी लिहिलं नाही. मित्राच्या लग्नात वधूवर एकमेकांना उद्देशून फार सुंदर बोलले, पण लाटा आणि वारा यांत मागच्या रांगांना काहीच ऐकू आलं नाही. वाईट वाटलं. माइकला स्पंजची टोपी हवीच, आणि एक मोठा स्पीकर पुढे ठेवण्यापेक्षा छोटे स्पीकर दोन्ही बाजूंनी मागपर्यंत लावा.

*

फोटोग्राफर म्हणून एकच कळकळीची विनंती: मावळता सूर्य बरोबर जोडप्याच्या पाठीमागे घेऊ नका. चेहरे काळे येतात आणि पाहुणे डोळे मिटून बसतात. मांडणी थोडी तिरकी करा. सूर्यास्तानंतरचा मऊ उजेड जोडप्याच्या फोटोंसाठी राखून ठेवा. विषुववृत्ताच्या जवळचा किनारा असेल तर तो फार लवकर सरतो, तेव्हा नातेवाइकांचे गटफोटो आधीच उरकून घ्या.

*

परवानगीबद्दल: किनारा बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असतो, तेव्हा हॉटेलच्या तोंडी होकारावर थांबू नका, स्थानिक प्रशासनाकडून लेखी घ्या. आणि तिथे कासवं अंडी घालतात का, हे नक्की विचारा. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात, झगमगाट असला तर समुद्र सोडून उलटीकडे जातात. विणीचा हंगाम असेल तर तारीख बदला किंवा किनाऱ्यावरचा कार्यक्रम दिवसाउजेडी संपवा, जेवण आत ठेवा. प्लास्टिकची चमकी, फुगे, आकाशकंदील उडवणं हे कुठल्याच हंगामात नको.