पाच टक्के दिव्यांग निधी शेजारच्या गावांनी मिळून वापरता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यातल्या, गोव्याला लागून असलेल्या गावांतले आम्ही काही दिव्यांग आणि त्यांच्या घरची माणसं मिळून एक गट चालवतो. संस्था म्हणून नोंदणी नाही, सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. मला कुबड्या लागतात. गटात व्हीलचेअरवाले आहेत, अंध आहेत, ऐकू न येणारी मुलं आहेत.

अडचण ५ टक्के निधीची आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात (पूर्वी ३ होते), हे बहुतेकांना ठाऊक असेल. आमच्याकडे खर्च म्हणजे मार्च आला की माणशी वाटप. लहान गावाचं घरपट्टी-पाणीपट्टी धरून उत्पन्न चार लाख समजा. त्याचे ५ टक्के वीस हजार. गावात पंचवीस दिव्यांग असले तर प्रत्येकाच्या हातात आठशे रुपये. औषधांच्या दुकानात एकदा जाऊन आलं की संपले. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरात चणचण असताना रोख सोडून रॅम्प कोण मागेल? पण त्यापायी शाळा, पंचायत, उपकेंद्र, रेशन दुकान, सगळीकडच्या पायऱ्या होत्या तशाच आहेत. कोकणातली जोती तुम्हाला माहीत आहेतच, पावसामुळे दोन-दोन फूट उंच. ग्रामसभेला मी जातो तो अंगणातल्या खुर्चीपर्यंत. आत काय ठरलं ते लोक बाहेर आल्यावर कळतं.

म्हणून असं डोक्यात आलं की शेजारच्या सहा-सात ग्रामपंचायतींनी हा निधी एकत्र करावा. दरवर्षी दोन इमारतींचे रॅम्प, आणि एक फिजिओथेरपिस्ट जो आळीपाळीने सगळ्या गावांत बसेल. एका गावाला हे झेपणार नाही, सहा-सात गावांना झेपेल. एका सरपंचताईंना पटलंय. दुसरे म्हणतात, "आमच्या गावचा पैसा दुसऱ्याच्या गावात घातला तर ऑडिटला उत्तर कोण देणार?"

तर असं कुठे झालंय का? ठराव कसा लिहावा? दुसरं म्हणजे, आमच्यातले बरेचजण उपचाराला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातात. त्यांनी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज कुठे करायचा, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला की तिकडे? आणि गोव्यातल्या गटांबरोबर मिळून काही करता येईल का?

एक विनंती. "पालकमंत्र्यांना निवेदन द्या" असं कृपया सुचवू नका. निवेदनं देऊन झाली, फोटोही छान आले.

माजी_ग्रामसेवक

ऑडिटची भीती खरी आहे, सरपंचांना हसू नका. पैसे एकत्र करायच्या भानगडीत पडूच नका. काम एकत्र ठरवा, खर्च ज्याचा त्याचा ठेवा. फिजिओथेरपिस्ट सोमवारी तुमच्या गावात बसला तर त्या सोमवारचं बिल तुमच्या पंचायतीचं. ठराव स्वतंत्र, बिल स्वतंत्र, लाभार्थ्यांच्या सह्यांची वही स्वतंत्र. तारखांचं वेळापत्रक तेवढं सगळ्यांचं एक. मग दुसऱ्या गावात पैसा गेला असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि रॅम्प या निधीतून का करताय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४५ वाचा. जुन्या सार्वजनिक इमारती या कायद्याचे नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे २०२२ चा जून कधीच गेला. त्याच कलमात सरकार आणि स्थानिक संस्थांनी आरोग्य केंद्रं, शाळा, बस थांबे यांचा प्राधान्यक्रम ठरवून आराखडा प्रसिद्ध करावा असंही आहे. तो आराखडा प्रत्येक पंचायतीकडे लेखी मागा. सहा गावांतून एकाच मजकुराचे सहा अर्ज एकाच आठवड्यात गेले की बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब स्वतः फोन करतील. शाळेचा रॅम्प शाळादुरुस्तीच्या पैशातून होऊ दे. तुमचे आठशे रुपये त्यात कशाला?

ओळंबा

रॅम्प कुठल्याही पैशातून करा, पण मोटारसायकल चढवायचा उतार बांधून त्याला रॅम्प म्हणू देऊ नका. उतार १:१२ हवा, म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांबी. अंगणात सरळ मावत नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. दोन्ही बाजूंना कठडा. आपल्याकडे गुळगुळीत घोटलेल्या सिमेंटवर जुलैत शेवाळ धरतं आणि कुबडी सटकते, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत ठेवून आडव्या खाचा मारून घ्या. लाद्या नकोतच.

"मानकं म्हणजे फक्त शिफारशी" असं कोणी सुनावलं तर सांगा, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात याच कारणावरून त्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ बेकायदा ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले.

पेडण्याचा_पाहुणा

दाखल्याबद्दल. २०१७ च्या नियमांतला नियम १७ पाहा. राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत वा झाले आहेत तिथे, दोन्हीकडे अर्जाची सोय आहे. उपचाराचे कागद आणि केसपेपर सोबत ठेवा. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) देशभर चालतं, त्यामुळे कुठून काढलं याने फरक पडत नाही.

तक्रारींचं मात्र वेगळं आहे. दोन्ही राज्यांचे दिव्यांग आयुक्त वेगळे. सावंतवाडीतल्या इमारतीची तक्रार पुण्याला महाराष्ट्राच्या आयुक्तांकडे, गोव्यातल्या इमारतीची गोव्याच्या आयुक्तांकडे. एकच अर्ज दोघांना धाडलात तर दोघंही पलीकडे बोट दाखवतील. गोव्यातल्या गटांशी ओळख करायची तर पणजीचा पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, गाठा. २०२३ च्या जानेवारीत पहिला झाला. भाषणं सोडा, स्टॉलवर बसलेल्या लोकांशी बोला, खरी माहिती तिथे मिळते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. माजी ग्रामसेवककाका, तुमचा मुद्दा आज सरपंचताईंना वाचून दाखवला. वेळापत्रक एक आणि बिलं वेगळी, याला दुसरे सरपंचही तयार होतील असं त्या म्हणाल्या. आराखड्याचे अर्ज या आठवड्यात सहाही गावांतून टाकतोय.

आता नेमकं हवंय ते असं: फिजिओथेरपिस्टच्या मानधनाचा ठराव कोणाच्या गावात झाला असेल तर त्याचा नमुना इथे डकवा, गावाचं नाव खोडून चालेल. आणि सावंतवाडी-पणजी कदंब गाडीत (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) महाराष्ट्रातल्या माणसाने युडीआयडी दाखवलं तर तिकिटात सवलत मिळते का? अलीकडे कोणी प्रवास केला असेल तर सांगा, आमच्यातल्या दोघांना पुढच्या महिन्यात तपासणीला जायचंय.